दोष नेमका कोठे?

एका शाळेच्या संगणक कक्षात वीस संगणक आहेत असे समजा. सुट्टी संपून नवे शालेय वर्ष सुरू होणार आहे. प्रत्येक संगणकावर तीच प्रणाली, मराठी व उर्दू लिहिण्याची तीच सोय आणि अभ्यासाचे तेच कार्यक्रम हवे आहेत. एका संगणकाला दोन तास लागले, तर वीस संगणकांना चाळीस तास लागतील. रोज पाच तास बसले तरी आठ दिवस गेले. शिवाय हाताने काम करताना कोठे ना कोठे काही राहून जाते. मग वर्गात एकाच्या संगणकावर उर्दू दिसते, तर दुसऱ्याच्या पडद्यावर नुसते चौकोन दिसतात.

यावर उपाय आहे. एकच संगणक नीट तयार करायचा. त्याच्या हार्ड डिस्कची हुबेहूब नक्कल काढून ठेवायची. मग ती नक्कल बाकीच्या एकोणीस संगणकांवर उतरवायची. या नकलेला ‘डिस्क इमेज’ म्हणतात. ‘हुबेहूब’ आणि ‘नक्कल’ हे शब्द तुम्हांला परके वाटणार नाहीत. फारसी-अरबीतून आलेले हे शब्द उर्दूत ‘हू-बहू’ आणि ‘नक्ल’ असे, तर मराठीत ‘हुबेहूब’ आणि ‘नक्कल’ असे रुळले आहेत.

या नकला सांभाळणारा आणि मागेल त्या यंत्राला देणारा एक संगणक लागतो. त्याला ‘सर्व्हर’ म्हणतात. असा सर्व्हर उभा करायला महागडी सामग्री लागत नाही. ‘लिनक्स’ ही प्रणाली फुकट मिळते. लायनस टॉरवाल्ड्स हा फिनलंडमधील एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. आपण एक नवी प्रणाली लिहीत आहोत, असे त्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी जाहीर केले. तीच पुढे लिनक्स झाली. नकला काढण्याचा आणि उतरवण्याचा ‘फॉग’ नावाचा कार्यक्रमही मोफत आहे. चक सिझ्मान्स्की आणि जियान झांग यांनी २००७ साली तो सुरू केला. ‘फॉग’ या इंग्रजी शब्दाचा एक अर्थ ‘धुके’ असा आहे. पहिल्यांदा तो बसवणाऱ्याला हे नाव अगदी योग्य वाटते, कारण मधेच काम अडते आणि पुढचे काहीच दिसेनासे होते.

अशा वेळी नवशिका काय करतो? तो घाबरतो. दहा ठिकाणी दहा बदल करतो. तरीही जमले नाही की सारे पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा त्याच ठिकाणी अडते, कारण दोष सापडलेलाच नसतो. मुलांनो, या पाठात आपण फॉगच्या निमित्ताने दोष शोधण्याची रीत शिकणार आहोत.

प्रथम एक गोष्ट समजून घ्या. फॉग म्हणजे एकच मोठा कार्यक्रम नव्हे. त्यात अनेक सेवा एकमेकींच्या मदतीने काम करतात. शाळेत नवा विद्यार्थी पहिल्या दिवशी आला आहे, असे डोळ्यांपुढे आणा. त्याला आपला वर्ग माहीत नाही, हजेरी क्रमांक माहीत नाही. तो आधी कार्यालयात जातो. लिपिक त्याला क्रमांक देतात आणि सांगतात, “त्या खिडकीवर जा आणि अमुक नावाची पुस्तिका माग.” तो खिडकीवर जाऊन पुस्तिका घेतो. पुस्तिकेत लिहिलेले असते की फलकापाशी जा. फलकावर त्याचे काम लिहिलेले असते. शेवटी तो भांडाराच्या दारात पोहोचतो आणि त्याचे सामान त्याला मिळते.

रिकामा संगणकही असाच असतो. तो सुरू होतो तेव्हा त्याच्यापाशी काहीच नसते. तो नेटवर्कच्या केबलमधून विचारतो, “मी कोण? मी कोठे जाऊ?” अशा रीतीने नेटवर्कवरून सुरू होण्याच्या पद्धतीला ‘पीएक्सई’ म्हणतात. येथे लिपिकाचे काम ‘डीएचसीपी’ ही सेवा करते. ती यंत्राला आयपी पत्ता देते आणि कोणत्या सर्व्हरकडून कोणती फाईल मागायची तेही सांगते. पुस्तिका देणारी खिडकी म्हणजे ‘टीएफटीपी’. फलक म्हणजे सर्व्हरवरचे वेबपान आणि त्यामागचा डेटाबेस. भांडार म्हणजे ‘एनएफएस’. प्रत्यक्ष नकला तेथे ठेवलेल्या असतात.

केबल, डीएचसीपी, टीएफटीपी, वेब व डेटाबेस, एनएफएस अशा या पाच पायऱ्या आहेत. हा क्रम पाठ करून ठेवा. यंत्र चौथ्या पायरीवर अडले, तर पहिल्या तीन पायऱ्या त्याने ओलांडलेल्या आहेत. मग त्या तीन पायऱ्यांची मोडतोड करण्याचे कारणच उरत नाही. कोठे अडले हे कळले, म्हणजे काय ठीक आहे हेही कळते. नवशिक्याचे लक्ष फक्त बिघाडाकडे असते. जाणकार मात्र काय चालू आहे हे आधी पाहतो.

आता कामाला लागण्यापूर्वीची तयारी पाहू. निम्मे बिघाड तर तयारी अपुरी असल्यामुळेच होतात.

पहिली तयारी जागेची. पहिला प्रयोग शाळेच्या चालू नेटवर्कवर करू नका. एक सर्व्हर, एक जुना संगणक आणि त्यांना जोडणारा एक वेगळा स्विच एवढेच घ्या. येथे स्विच म्हणजे दिव्याचे बटण नव्हे, तर अनेक केबली एकत्र जोडणारी छोटी पेटी. वेगळ्या स्विचचा आग्रह कशासाठी? फॉगबरोबर डीएचसीपी सेवाही सुरू करता येते. पण शाळेच्या नेटवर्कवर पत्ते वाटणारी एक सेवा बहुधा आधीच असते. एका शाळेत दोन लिपिक आपापल्या मनाने हजेरी क्रमांक वाटू लागले, तर काय गोंधळ होईल? तसाच गोंधळ नेटवर्कवर होतो. कार्यालयात परीक्षेचे अर्ज भरणे चालू असेल आणि तुमच्या प्रयोगामुळे ते बंद पडले, तर नुकसान तुमचे नाही, दुसऱ्याचे होते.

दुसरी तयारी पत्त्याची. सर्व्हरला कायमचा, न बदलणारा आयपी पत्ता द्या. उदाहरणार्थ, १९२.१६८.५०.१. फॉग बसवताना जो पत्ता असतो, तोच तो लक्षात ठेवतो. उद्या पत्ता बदलला, तर यंत्रे जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहतील. पोस्टमन जुन्या घराचे दार वाजवतो आणि घरचे लोक नव्या घरी पत्राची वाट पाहतात, तशी ही गत.

तिसरी तयारी तारखेची. जुन्या संगणकातील छोटा सेल संपलेला असतो. त्यामुळे त्याचे घड्याळ अनेक वर्षे मागे जाते. तारीख चुकीची असली, की इंटरनेटवरील सुरक्षित ठिकाणांवर विश्वास ठेवता येत नाही असे प्रमाणपत्राचे संदेश येतात आणि लागणाऱ्या फायली उतरत नाहीत. दोष इंटरनेटचा नसतो, घड्याळाचा असतो.

चौथी तयारी साठवणीची. हार्ड डिस्क मोठी आहे, म्हणून निश्चिंत राहू नका. लिनक्सचे काही प्रकार मुख्य भागाला थोडीच जागा देतात आणि बाकीची ‘होम’ या भागाला देतात. फॉग आपल्या नकला मुख्य भागातील ‘इमेजेस’ या फोल्डरमध्ये ठेवतो. डिस्कवर एकूण किती जागा आहे हे विचारू नका. ‘इमेजेस’ ज्या भागात आहे, त्या भागात किती जागा शिल्लक आहे हे विचारा.

पाचवी तयारी अधिकाराची. लिनक्समध्ये सर्वाधिकारी वापरकर्त्याला ‘रूट’ म्हणतात. फॉग बसवायला त्याचेच अधिकार लागतात. ‘परवानगी’ आणि ‘हुकूम’ हे शब्दही तुमच्या ओळखीचे आहेत. लिनक्समध्ये हुकूम कितीही बरोबर असला, तरी परवानगी नसेल तर तो पाळला जात नाही.

आता फॉग बसवायला घेऊ. तो सुरुवातीला काही प्रश्न विचारतो. लिनक्सचा प्रकार कोणता? कोणते नेटवर्क कार्ड वापरायचे? डीएचसीपी सेवा मी चालवू काय? पुष्कळ जण न वाचता एंटरचे बटण दाबत जातात. येथेच पहिली ठेच लागते. सर्व्हरमध्ये दोन कार्डे असतील, एक इंटरनेटकडे आणि दुसरे तुमच्या वेगळ्या स्विचकडे, तर फॉग बहुधा इंटरनेटकडचे कार्ड सुचवतो. तुम्हांला हवे असते स्विचकडचे. म्हणून प्रत्येक प्रश्न वाचा आणि दिलेले उत्तर वहीत उतरवा.

प्रश्न संपले की काम सुरू होते. पडद्यावर एकेक ओळ येते आणि ओळीच्या शेवटी ‘ओके’ असा शब्द उमटतो. एखाद्या ओळीपुढे ‘फेल्ड’ आले, तर काम तेथेच थांबते. अशा वेळी खिडकी लगेच बंद करू नका. ती ओळ वाचा. ती ओळ म्हणजे दोषाचा पत्ता आहे. अधिक माहिती ‘एरर लॉग्ज’ या फोल्डरमधील नोंदवहीत असते. ती फाईल लांबलचक असते, पण सगळी वाचण्याची गरज नाही. शेवटच्या वीस-पंचवीस ओळी वाचा. इंग्रजी अवघड वाटले, तरी त्यांतील फाईलचे नाव, सेवेचे नाव आणि ‘परवानगी नाही’, ‘सापडत नाही’, ‘जागा नाही’ अशा अर्थाचे शब्द तुम्हांला ओळखता येतील.

समजा, नोंदवहीत फायली उतरवता आल्या नाहीत असे लिहिले आहे. मग इंटरनेट आणि तारीख तपासा. समजा, दुसऱ्या कार्यक्रमाने ताबा धरून ठेवला आहे असे लिहिले आहे. उबुंटू या लिनक्समध्ये संगणक सुरू होताच मागच्या मागे स्वतःची सुधारणा चालू होते. ती चालू असेपर्यंत दुसरे काही बसवता येत नाही. येथे उपाय एकच, थोडा वेळ थांबणे. समजा, डेटाबेसचा पासवर्ड चुकला असे लिहिले आहे. मग त्या संगणकावर डेटाबेस आधीपासून बसवलेला होता काय, हे आठवून पाहा.

काम बरेच पुढे गेले की फॉग एक सूचना देतो. ब्राउझरमध्ये अमुक पान उघडा, डेटाबेस तयार करण्याचे बटण दाबा आणि मग येथे परत येऊन एंटर दाबा. घाईत असलेला माणूस पान न उघडताच एंटर दाबतो. पुढे काम बिघडते आणि तो म्हणतो, “मी तर काहीच केले नाही!” त्याचे म्हणणे खरेच असते. करायचे तेच त्याने केलेले नसते.

आणखी एक दिलासा देणारी गोष्ट सांगतो. दोष सापडून तो दूर केला, की फॉग बसवण्याची तीच कृती पुन्हा करता येते. मागची उत्तरे तो लक्षात ठेवतो. त्यासाठी लिनक्स पुसून टाकण्याची गरज नसते. एका दगडासाठी कोणी सगळे तांदूळ फेकून देत नाही.

सर्व्हर तयार झाला. आता रिकामा संगणक नेटवर्कवरून सुरू करायचा. येथे दुसरी परीक्षा असते. जुन्या, म्हणजे बायोस पद्धतीच्या यंत्रांवर अडचण आली की पडद्यावर एक सांकेतिक क्रमांक येतो. लोक त्याला घाबरतात. खरे तर तो क्रमांक आपल्याला मदतच करतो.

‘ई ६१’ आला तर केबल पाहा. ती निघालेली किंवा तुटलेली असते. ही झाली पहिली पायरी. ‘ई ५१’ म्हणजे पत्ता देणारे कोणी भेटले नाही. डीएचसीपी सेवा बंद आहे किंवा चुकीच्या कार्डावर चालू आहे. ‘ई ५३’ म्हणजे पत्ता मिळाला, पण कोणती फाईल मागायची हे कोणी सांगितले नाही. लिपिकाने क्रमांक दिला, पण पुस्तिकेचे नाव सांगायला तो विसरला. ‘ई ३२’ म्हणजे फाईलचे नाव कळले, खिडकीवर हाकही मारली, पण आतून उत्तर आले नाही. टीएफटीपी सेवा बंद असेल, सर्व्हरचा पत्ता चुकला असेल किंवा पहारेकऱ्याने अडवले असेल.

हा पहारेकरी म्हणजे ‘फायरवॉल’. तो सर्व्हरच्या दारावर उभा असतो. प्रत्येक सेवेसाठी क्रमांकाचा वेगळा दरवाजा असतो. टीएफटीपीचा दरवाजा ६९ क्रमांकाचा आणि साध्या वेबपानांचा ८० क्रमांकाचा असतो. पहारेकऱ्याला सांगितले नसेल, तर तो दरवाजा उघडत नाही. त्याचा तो दोष नव्हे, ते त्याचे कामच आहे.

नव्या, म्हणजे यूईएफआय पद्धतीच्या यंत्रांची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यांना सुरू होण्यासाठी जुन्या यंत्रांपेक्षा वेगळी फाईल लागते. जुन्यासाठी ठेवलेली फाईल नव्याला दिली, तर ते मुकाट्याने मागे फिरते. शिवाय त्यांत ‘सिक्युअर बूट’ नावाची सुरक्षा असते. ओळखीची सही नसलेली फाईल ती चालू देत नाही. म्हणून नकलेचे काम करताना ही सुरक्षा बहुधा बंद ठेवावी लागते. सर्व्हरमध्ये दोष नसतानाही यंत्र सुरू होत नाही, त्याचे हे एक कारण आहे.

दोष शोधताना ‘पिंग’ या छोट्या हुकमाचा फार उपयोग होतो. अमेरिकेतील माइक म्यूस याने डिसेंबर १९८३ मध्ये तो लिहिला. पाणबुडी ध्वनी सोडते आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून समोर काही आहे काय ते ओळखते. त्या आवाजावरूनच हे नाव पडले. दुसऱ्या एखाद्या संगणकावरून सर्व्हरला पिंग करा. उत्तर आले, तर केबल, कार्ड आणि पत्ता ठीक आहेत. एका प्रश्नात अर्धा रस्ता तपासून झाला. मात्र पिंगचे उत्तर आले म्हणजे सगळ्या सेवा चालू आहेत, असे समजू नका. घरात माणूस आहे, एवढेच त्यावरून कळते. स्वयंपाक झाला आहे की नाही ते कळत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा नियम. एका वेळी एकच बदल करा आणि तो लिहून ठेवा. तीन बदल एकदम केले आणि काम सुरू झाले, तर कोणत्या बदलामुळे झाले हे कळत नाही. काम सुरू झाले नाही, तर तीन नवे संशय निर्माण होतात. चांगली नोंद कशी असते, ते पाहा.

१०.२० – यंत्र सुरू केले. ई ३२ आला.
१०.२५ – सर्व्हरला पिंग केले. उत्तर आले.
१०.३० – टीएफटीपी सेवा पाहिली. चालू आहे.
१०.४० – इंटरनेटची केबल काढून पहारेकरी पाच मिनिटे थांबवला. मेनू दिसला.
१०.५० – पहारेकरी पुन्हा चालू केला. फक्त ६९ चा दरवाजा उघडला. यंत्र पुढे सरकले, पण मेनू आला नाही.
११.०० – ८० चा दरवाजाही उघडला. मेनू आला.

या सहा ओळींत काय काय आहे ते बघा. प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारला आहे. पहारेकरी थांबवला तो फक्त खात्री करण्यासाठी, आणि तोही बाहेरची वाट बंद करून. त्याला कायमचे हाकलून दिलेले नाही. दोष सापडल्यावर हवे तेवढेच दरवाजे उघडले आहेत. पुढे एनएफएसची पायरी आली की त्याचाही दरवाजा उघडावा लागेल, हे ही नोंद वाचणाऱ्याला सहज कळेल.

नोंदवहीचे महत्त्व फार जुने आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात ‘मार्क टू’ हे अवाढव्य गणकयंत्र बिघडले. काम करणाऱ्यांनी शोध घेतला, तेव्हा आत एक पतंग अडकलेला सापडला. त्यांनी तो फेकून दिला नाही. नोंदवहीच्या पानावर चिकटवला आणि शेजारी वेळ लिहिली. ते पान आजही अमेरिकेतील संग्रहालयात जपून ठेवलेले आहे.

मेनू आला, म्हणजे आता शेवटची पायरी. तयार संगणकाची नक्कल सर्व्हरवर घेण्याला ‘कॅप्चर’ म्हणतात आणि सर्व्हरवरची नक्कल दुसऱ्या संगणकावर उतरवण्याला ‘डिप्लॉय’ म्हणतात. कधी कधी सगळी नक्कल घेऊन होते आणि अगदी शेवटच्या क्षणी काम फसते. याचे कारण असे, की फॉग नक्कल आधी एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि पूर्ण झाल्यावर कायमच्या जागी हलवतो. हलवण्यासाठी त्याला स्वतःच्या खात्याचा पासवर्ड लागतो. कोणी तो एका ठिकाणी बदलला आणि दुसऱ्या ठिकाणी बदलला नाही, तर नक्कल तात्पुरत्या जागीच पडून राहते. म्हणजे मेहनत वाया गेलेली नसते, फक्त शेवटचे दार बंद असते.

परंतु कॅप्चर आणि डिप्लॉय यांत गल्लत झाली, तर मात्र उपाय नाही. डिप्लॉय केले, की समोरच्या संगणकाच्या हार्ड डिस्कवर आधी असलेले सारे पुसले जाते. त्या संगणकावर एखाद्या मुलीने वर्षभर मेहनत करून तयार केलेला विज्ञान प्रकल्प असू शकतो. यंत्र तिला ओळखत नाही. ते फक्त हुकूम पाळते. म्हणून बटण दाबण्यापूर्वी तीन गोष्टींची खातरजमा करा. संगणक तोच आहे ना? दिशा बरोबर आहे ना? आतील कामाची वेगळी प्रत ठेवली आहे ना? पहिल्यांदा नक्कल एकाच, रिकाम्या संगणकावर उतरवून पाहा. तो नीट चालला, तरच बाकीच्यांना हात लावा.

एवढे करूनही दोष सापडला नाही, तर जाणकाराला विचारण्यात कमीपणा नाही. मात्र विचारण्याचीही रीत असते. “फॉग चालत नाही, काय करू?” असे विचारले, तर तो बिचारा काय सांगणार? डॉक्टरांकडे जाऊन कोणी नुसते “बरे नाही” असे म्हणून गप्प बसत नाही. म्हणून असे विचारा : “लिनक्सचा प्रकार हा आहे. सर्व्हरचा पत्ता कायमचा आहे. वेगळ्या स्विचवर प्रयोग करत आहे. यंत्राला पत्ता मिळतो, पण नंतर ई ३२ येतो. पिंगचे उत्तर येते. आतापर्यंत एवढे तपासले आहे.” असा प्रश्न ऐकून जाणकाराचे अर्धे काम होते. पुष्कळदा तर प्रश्न नीट लिहिता लिहिताच आपल्याला उत्तर सापडते.

मुलांनो, यंत्र रुसत नाही आणि कोणावर रागावतही नाही. त्याच्या प्रत्येक अडण्याला काही ना काही कारण असते. ते कारण त्याने बहुधा कोठेतरी लिहूनही ठेवलेले असते. आपण ते शांतपणे वाचायचे, पहिल्या पायरीपासून एकेक पायरी तपासत जायची आणि दुसऱ्याचे नुकसान होणार नाही याची काळजी घ्यायची. पंखा बंद पडला, सायकल अडली किंवा गणिताचे उत्तर चुकले, तरी हीच रीत उपयोगी पडते. तुमच्या वहीत आज चुकलेले गणित असेलच. ते खोडून टाकू नका. कोणत्या ओळीपर्यंत बरोबर आहे, ते आधी शोधा.

शब्दार्थ
हुबेहूब – अगदी तंतोतंत सारखा
नवशिका – नुकताच शिकू लागलेला
भांडार – सामान साठवण्याची जागा
ठेच लागणे – अडचण येणे, फसगत होणे
ताबा – कब्जा
मुकाट्याने – काही न बोलता
गल्लत – घोटाळा, एकाऐवजी दुसरे समजणे
खातरजमा – पक्की खात्री

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) डिस्क इमेज कशाला म्हणतात?
(आ) लिनक्समधील सर्वाधिकारी वापरकर्त्याला काय म्हणतात?
(इ) ‘पिंग’ हे नाव कशावरून पडले?

२. कारणे लिहा.
(अ) पहिला प्रयोग शाळेच्या चालू नेटवर्कवर करू नये.
(आ) सर्व्हरला न बदलणारा पत्ता द्यावा.
(इ) एका वेळी एकच बदल करावा.

३. जोड्या लावा.
‘अ’ गट : लिपिक, खिडकी, फलक, भांडार, पहारेकरी
‘आ’ गट : टीएफटीपी, फायरवॉल, एनएफएस, डीएचसीपी, वेबपान

४. चार-पाच वाक्यांत उत्तर लिहा.
डिप्लॉय करण्यापूर्वी कोणती काळजी घ्यावी व का?

५. वाक्यात उपयोग करा.
ठेच लागणे, गल्लत होणे, खातरजमा करणे

६. ‘परवानगी’, ‘हुकूम’, ‘नक्कल’, ‘ताबा’ यांसारखे उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत आढळणारे आणखी दहा शब्द लिहा. त्यांच्या उच्चारात व अर्थात काही फरक आहे काय, ते सांगा.

७. उपक्रम : घरातील किंवा शाळेतील एखादी बिघडलेली साधी वस्तू घ्या. विजेची वस्तू मोठ्या माणसाच्या मदतीशिवाय उघडू नका. दोष शोधताना काय तपासले आणि काय आढळले, याची वेळेसह नोंद मराठीत लिहा.